गोचीडतापाचे संशोधन आमच्या गोठ्यापर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर

विषय: सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत गोचिडांपासून गुरांना होणाऱ्या तापाचा वर्षभर अभ्यास व्हावा, याबाबत.

महोदय,



आपल्या विद्यापीठाच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन एक मोठे काम केले. ते २०१७ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राच्या चार कृषी-हवामान विभागांतल्या १०५२ गुरांचे रक्त त्यांनी तपासले. ही गुरे वरून धडधाकट दिसणारी होती. चारा खात होती, रवंथ करत होती, कोणी त्यांना आजारी म्हटले नसते. तरीही गोचिडांनी पसरवलेले रोगजंतू त्यांच्या रक्तात सर्रास सापडले, आणि बऱ्याच जनावरांत एकापेक्षा जास्त प्रकारचे सापडले. पुढचा निष्कर्ष तर आमच्यासारख्यांना थेट भिडणारा होता. असे जंतू अंगात बाळगणाऱ्या संकरित गुरांची शरीरस्थिती खालावलेली होती. तोच संसर्ग देशी गुरांना तेवढा जड जात नव्हता.

मी फोंडाघाटला राहतो, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो आणि घरी गाई पाळतो. त्या अभ्यासाने मला एक गोष्ट शिकवली. गोचीडतापाचे नुकसान मेलेल्या गाईंवरून मोजून भागत नाही. जी गाय मरत नाही, पण दोन लिटर कमी दूध देते, वेळेवर माजावर येत नाही, जिचे वासरू खुरटते, तिचे नुकसान कुठल्याच नोंदवहीत लिहिले जात नाही. ते गोपालकाच्या घरातून महिनोन्‌महिने गळत राहते. या लपलेल्या नुकसानाकडे आपल्या संशोधकांनी लक्ष वेधले, त्याबद्दल मनापासून आभार. त्या कामाचे पुढचे पाऊल आमच्या भागात पडावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या गोठ्याचा नाही.

फोंडाघाट सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. माथ्यावर दाजीपूरचे जंगल, खाली कणकवली तालुक्याची भातशेती, आणि दोन्हींना जोडणारा देवगड-निपाणी रस्ता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पावसाळाभर गुरे गोठ्यात किंवा शेतातल्या मांगरात बांधलेली असतात. भात कापून झाले की ती मोकळी सुटतात आणि उन्हाळा संपेपर्यंत रानात, सड्यावर, कापलेल्या मळ्यांत फिरतात. दाजीपूरचे गवेही अलीकडे शेतात उतरतात. गोठ्यातले गोचीड आणि रानातले गोचीड यांची गाठ आमच्या गुरांच्या अंगावरच पडते.

दुधाचा धंदा वाढावा म्हणून गेल्या काही वर्षांत इथल्या घरांनी कर्ज काढून संकरित गाई आणल्या. बहुतेक घाटावरून आणल्या. घाटावरची गाय खाली उतरते तेव्हा तिच्यासाठी पाणी बदलते, चारा बदलतो, हवा बदलते आणि गोचीडही बदलतात. प्रवासाने ती आधीच थकलेली असते. पंधरा-वीस दिवसांत ताप चढतो. कानाखालच्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजतात, डोळ्यांतून पाणी येते, धाप लागते, पापणीच्या आतला भाग पांढरा पडतो आणि मग पिवळा. शेजारची काकी सांगते तसे, ‘‘सांजेक दूध दिल्यान, सकाळी उठाक नाय.’’ गाय जाते, कर्जाचा हप्ता राहतो. पुढच्या वर्षी ते घर दुधाचे नाव काढत नाही.

या तापाबद्दल विज्ञानाला बरेच कळलेले आहे, आणि ती कहाणी माझ्या विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी अभिमान वाटतो, कारण रोग पसरवण्यात किड्यामुंग्यांचा हात असतो हे माणसाला पहिल्यांदा गुरांच्या रोगातून पक्के समजले. अमेरिकेतल्या टेक्सास तापावर थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी काम केले आणि तो ताप गोचीडच एका गुरातून दुसऱ्या गुरात नेतो, हे १८९३ साली सिद्ध करून छापले. डासातून हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात दाखवले, ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. म्हणजे गोठ्यातल्या संशोधनाने माणसाच्या वैद्यकाला वाट दाखवली. भारतात पशुरोगांच्या संशोधनाची पहिली प्रयोगशाळाही महाराष्ट्रातच उभी राहिली. १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला गेली, आणि तिचीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचे. हा वारसा आज आपल्या विद्यापीठाकडे आहे.

आमच्या संकरित गाईंना ज्याची सर्वांत जास्त भीती, तो थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी १९०४ साली कॉकेशसच्या भागात पहिल्यांदा नोंदला गेला. त्याची वागणूक विलक्षण आहे. गोचिडाच्या लाळेतून तो गाईच्या अंगात शिरतो आणि पांढऱ्या पेशींत जाऊन बसतो. त्या पेशीला तो सतत विभागत राहायला लावतो, जवळजवळ कर्करोगासारखे, आणि प्रत्येक विभागणीत आपलीही वाटणी करून घेतो. म्हणून गाठी सुजतात. मग तो तांबड्या पेशींत उतरतो, रक्त कमी होते, कावीळ दिसू लागते. रोगाशी लढण्यासाठी असलेल्या पेशीच त्याने कामाला लावलेल्या असल्यामुळे गाईचे शरीर हतबल होते.

त्याचा वाहक हायलोमा जातीचा गोचीड. या गोचिडाची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा निर्दोष असतात. ती एखाद्या बाधित जनावराचे रक्त पितात, खाली पडतात, भिंतीच्या भेगांत लपून कात टाकतात, आणि पुढच्या अवस्थेत नव्या जनावरावर चढून रोग देतात. आमचे गोठे चिऱ्याचे. गिलावा नसलेल्या भिंतीत चिऱ्यांच्या सांध्यांत पेन्सिल शिरेल एवढ्या भेगा असतात. गोचिडाला कात टाकायला याहून सोयीची जागा कुठली? आणखी एक गोष्ट प्रत्येक गोपालकाला माहीत हवी. गोचीड चिकटल्या चिकटल्या हा रोग देत नाही. त्याच्या लालाग्रंथीत परजीवी पक्व व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे रोज संध्याकाळी कास, कानाची आतली बाजू, शेपटीखालचा भाग आणि मांड्यांचे सांधे हाताने तपासून गोचीड काढले, तर रोग टळण्याची खरीखुरी संधी असते.

गोचिडातूनच येणाऱ्या बबेसिया या दुसऱ्या परजीवीची तऱ्हा वेगळी. त्याचा वाहक आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा, फुगून करड्या मण्यासारखा दिसणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. तो जन्मभर एकाच जनावरावर राहतो, पण मादी रोगजंतू थेट आपल्या अंड्यांत देते. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, आणि त्यातून निघालेली पिल्ले जन्मतःच रोग घेऊन येतात. इथे भिंतीच्या भेगांइतकेच चरण्याचे गवत महत्त्वाचे ठरते. या तापात लघवी चहाच्या रंगाची किंवा लाल होते. तिसरा ॲनाप्लाझ्मा हा परजीवी नव्हेच, तो जीवाणू आहे. तो गोचिडातून पसरतो, तसाच चावऱ्या माश्यांतून आणि एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यानेही पसरतो.

हे सगळे पुस्तकात आहे. अडचण पुस्तक संपल्यावर सुरू होते.

तिन्ही तापांना गावात एकच नाव आहे, गोचीडताप. पण तिन्हींचे औषध वेगळे. थायलेरियाला बुपार्व्हाक्वोन लागते. बबेसियावर ते चालत नाही, तिथे डायमिनाझीन द्यावे लागते. ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लीन. रक्ताची काच पाहिल्याशिवाय उपचार सुरू झाला की पहिले इंजेक्शन अंदाजाने जाते, उतार पडला नाही तर दुसरे जाते, आणि तिसऱ्याची वेळ येईपर्यंत गाय आडवी पडलेली असते. ताप भरलेली गाय डोळ्यांपुढे असताना डॉक्टर तरी काय करणार? त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. एकेका डॉक्टरकडे कितीतरी गावे असतात, आणि सूक्ष्मदर्शक असला तरी काच रंगवून बघायला माणूस आणि वेळ हवा. शिवाय लक्षण नसलेल्या, नुसता जंतू बाळगणाऱ्या जनावरात काचेवर बहुधा काहीच दिसत नाही. ते पीसीआर या जनुकीय चाचणीनेच कळते.

म्हणून आमच्यासाठी पहिला आणि मूलभूत प्रश्न हा: सह्याद्रीच्या पायथ्याच्या या ओल्या पट्ट्यात नेमका कोणता ताप किती आहे? हायलोमा हा मुख्यतः कोरड्या मुलखाचा आणि गोठ्यांचा गोचीड. थायलेरिया ॲन्युलाटावरचे महत्त्वाचे काम अल्जीरियात, इस्रायलमध्ये, हिस्सारला, आणंदला झाले, म्हणजे बहुतांशी कोरड्या प्रदेशांत. आमच्याकडे चार महिने सगळे भिजलेले असते. इथे हायलोमाचे प्रमाण किती, तो कोणत्या महिन्यात चढतो, की इथला मुख्य त्रास बबेसियाचाच आहे? थायलेरिया ओरिएंटॅलिस हा पूर्वी सौम्य मानला गेलेला परजीवी केरळच्या संकरित गाईंत गंभीर आजाराचे कारण म्हणून नोंदला गेला आहे. केरळ आणि कोकण यांचा पाऊस, डोंगर आणि रान बरेचसे सारखे आहे. इथे तो कितपत आहे? आपल्या २०१७ च्या अभ्यासाने विभागा-विभागांत फरक असल्याचे दाखवले. आता विभागापासून गावापर्यंत आणि गावापासून गोठ्यापर्यंत उतरायला हवे.

हे कुतूहलापोटी विचारत नाही. याच उत्तरावर लसीचा निर्णय अवलंबून आहे.

थायलेरिया ॲन्युलाटावर आपल्या देशात लस बनते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या हैदराबादच्या कंपनीची रक्षाव्हॅक-टी. प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवून दुर्बळ केलेला परजीवी जिवंत पेशींसह गाईला टोचतात. संकरित आणि विदेशी जनावरांसाठी ती आहे आणि दोन महिन्यांपुढच्या वासरालाही देता येते. पण ही लस फक्त ॲन्युलाटाला रोखते. ओरिएंटॅलिसला, बबेसियाला, ॲनाप्लाझ्माला ती रोखत नाही. समजा उद्या गावात लस आली, वीस गाईंना टोचली, आणि त्यांतल्या तीन बबेसियाने गेल्या. गावातला निष्कर्ष एकच असेल, लस खोटी. पुढची दहा वर्षे त्या वाडीत कोणी लस टोचून घेणार नाही. चांगल्या लसीचा विश्वास असा वाया जाऊ नये यासाठीच आधी रक्त तपासले पाहिजे.

आणि ते रक्त सांगत असेल की इथे ॲन्युलाटा आहे, तर लस न पोचण्याला एकच मोठे कारण उरते, तिची साठवण. ही लस द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते आणि बाहेर काढल्यावर लगेच टोचावी लागते. साध्या बर्फाच्या डब्यात ती टिकत नाही. म्हणून ती दूरच्या गावात न्यायला अवघड समजली जाते. पण महोदय, कृत्रिम रेतनाच्या कांड्यासुद्धा त्याच द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात. तो कंटेनर आज घाटातले वळण उतरून, मोटारसायकलवर बांधून आमच्या वाड्यावाड्यांत येतो. संकरित वासरू जन्माला घालणारी कांडी जर गोठ्यापर्यंत पोचते, तर त्याच वासराचा जीव वाचवणारी लस त्याच वाटेने का पोचू नये? ठरावीक दिवस, ठरावीक वाडी, आधी जमवलेली वासरे आणि एकच कंटेनर, एवढी आखणी करून हे जमते का, याचा प्रयोग विद्यापीठाने करून पाहावा. त्यातून जे निघेल ते सिंधुदुर्गाच्या पलीकडे रत्नागिरी, रायगड, चंदगड, आजरा, गोवा अशा सगळ्या डोंगराळ भागाच्या कामी येईल.

२०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग पसरला तेव्हा राज्याने गावोगाव मोफत लस पोचवली. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. डॉक्टर, पर्यवेक्षक, ग्रामपंचायती, तरुण मंडळे सगळे लागले होते. लम्पी अंगावर गाठींनी दिसत होता, म्हणून सगळ्यांना घाई होती. गोचीडताप तसा दिसत नाही आणि दरवर्षी थोडा थोडा घेऊन जातो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

औषधांबद्दलही एक काळजी आहे. बुपार्व्हाक्वोन हे थायलेरियावरचे आपले मुख्य हत्यार. ट्युनिशिया, इराण, तुर्कस्तान आणि सुदान या देशांतून त्याला न जुमानणाऱ्या थायलेरिया ॲन्युलाटाच्या नोंदी आल्या आहेत. परजीवीच्या सायटोक्रोम-बी या जनुकात झालेले बदल त्याच्याशी जोडले गेले आहेत. हे औषध महाग आहे, म्हणून कधी अर्धा डोस दिला जातो, आणि निदान नसल्याने कधी नको तिथेही दिले जाते. दोन्ही गोष्टी प्रतिकाराला खतपाणी घालतात. गोचिडांवर मारायच्या औषधांची स्थिती आजच अडचणीची आहे. डेल्टामेथ्रीनला दाद न देणारे मायक्रोप्लस गोचीड देशाच्या अनेक भागांत सापडलेले आहेत. गोपालक काय करतो? औषध दुप्पट जाड करून फवारतो. ते दुधात उतरते, त्याच्या श्वासात जाते, आणि गोचीड तसेच राहतात. इथले गोचीड कोणत्या औषधाला अजून मरतात आणि कोणत्याला नाही, हे प्रयोगशाळेत तपासता येते. तेवढे जरी कळले, तरी आमचे पैसे आणि शरीर दोन्ही वाचतील.

आता आमच्या स्वतःच्या गाईविषयी. कोकण कपिला. लहान चणीची, डोंगर चढणारी, मुसळधार पावसात आणि रानच्या चाऱ्यावर तगणारी. २०१८ साली तिची देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केले आहे, आणि कुडाळ तालुक्यातल्या निळेलीला त्यांचे पशुपैदास केंद्र आहे. दूध कमी म्हणून ती आमच्या गोठ्यांतून मागे पडत चालली. पण २००५ साली ब्रिटनमधल्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना थायलेरिया ॲन्युलाटाचा सारखाच संसर्ग दिला, तेव्हा होल्स्टीन गंभीर आजारी पडली आणि साहिवाल उपचाराविना सावरली. रोग सोसण्याची ताकद जातीत असते, याचा तो पुरावा होता. कपिलेत ती किती आहे? तिच्या अंगावर गोचीड कमी चढतात, की चढूनही तिला ताप सोसतो? आपल्या २०१७ च्या निबंधाचा शेवटही याच दिशेने होता, की उत्पादन आणि रोगप्रतिकार दोन्ही सांधणारे प्रजनन करायला हवे. मग आमच्या भागात त्याचा पहिला अभ्यास कपिलेवरच का होऊ नये? दूध देणारी गाय आणि टिकणारी गाय यांतून एक निवडण्याची सक्ती आमच्यावर येऊ नये. दोन्ही गुणांचा मेळ घालणे संशोधकांच्या हातात आहे.

माणसांचाही प्रश्न यात आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात जो ताप सापडला आणि ज्याचा विषाणू पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी शोधला, तो माकडताप २०१६ साली आमच्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात पसरला. माणसे गेली. काजूच्या बागेत, रानात पाला गोळा करायला जाणाऱ्यांना तो गाठत होता. त्याचा वाहक हेमाफायसॅलिस जातीचा गोचीड. गुरांना तो ताप होत नाही, पण त्या गोचिडाचे प्रौढ रूप गुरांच्या रक्तावर पोसते, आणि रान व वस्ती यांच्यात येजा करणारी गुरे त्याची संख्या वाढवायला हातभार लावतात. म्हणजे आमच्या गुरांच्या अंगावर दर महिन्याला कोणत्या जातीचे गोचीड किती आहेत, एवढी एक नोंद जरी नीट झाली, तरी ती पशुवैद्यकाच्या आणि आरोग्य खात्याच्या, दोघांच्या कामाची ठरेल. एकाच फेरीत दोन कामे होतील.

म्हणून माझ्या मागण्या मांडतो.

पहिली. फोंडाघाट आणि आसपासच्या लोरे, घोणसरी यांसारख्या गावांत किमान एक पूर्ण वर्ष, दर महिन्याला, संकरित आणि देशी अशा दोन्ही गुरांचे रक्त आणि अंगावरचे गोचीड गोळा करून तपासावेत. पावसाळ्यातले महिने वगळू नयेत. रस्ते बंद असतात म्हणून नेमके तेच महिने कागदावर कोरे राहतात.

दुसरी. तालुक्याच्या पातळीवर रक्ताची काच रंगवून त्याच दिवशी पाहण्याची सोय व्हावी, आणि ती करणाऱ्या माणसाला आपल्या विद्यापीठाने प्रशिक्षण द्यावे. मिथेनॉल, गिम्सा रंग, तेलाचे भिंग असलेला सूक्ष्मदर्शक आणि सरावलेले डोळे, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

तिसरी. निष्कर्षांनुसार गरज ठरली, तर नायट्रोजनच्या कंटेनरमधून लस गोठ्यापर्यंत नेण्याचा पथदर्शी प्रयोग पशुसंवर्धन विभागाच्या मदतीने इथे व्हावा.

चौथी. कोकण कपिला, संकरित आणि गावठी गुरांची तुलना दापोलीच्या विद्यापीठाबरोबर एकत्र करावी. फोंडाघाटला त्यांचे कृषी संशोधन केंद्र आहे. नमुने ठेवायला, बैठक घ्यायला, थांबायला जागा लागेल ती गावातच मिळू शकते. दोन विद्यापीठांनी एका टेबलाशी बसावे, एवढीच विनंती.

पाचवी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. जे निघेल ते मराठीत, दोन पानांत, आमच्या हातात द्यावे. माझ्या गाईचे रक्त तुम्ही घेतले, तर त्यात काय सापडले हे मला कळले पाहिजे. इंग्रजी नियतकालिकात निबंध छापून येणे विद्यापीठासाठी गरजेचे आहे, ते मला समजते. पण ज्या बाईने सकाळी कामाचा खोळंबा करून गाय धरून ठेवली, तिला निकाल न सांगता संशोधन संपले असे म्हणता येणार नाही.

मागण्यांबरोबर आमच्या बाजूने काय देऊ, तेही सांगतो. गोठे उघडे राहतील. जनावर धरायला माणसे मिळतील. माझ्या शाळेतल्या मुलामुलींना घरोघरच्या गुरांची जात, वय, वेत, दूध आणि आजार यांची नोंदवही ठेवायला शिकवीन. त्यांतली बरीच मुले रोज संध्याकाळी गोठ्यात असतातच. गोचीड चिमट्याने कसा उपटायचा, तो बोटांनी का चिरडायचा नाही, कुपीत अल्कोहोलमध्ये कसा ठेवायचा आणि कुपीवर तारीख कशी लिहायची, हे दहावीचा विद्यार्थी एका तासात शिकतो. संशोधकांना वर्षभर इथे राहता येणार नाही. नोंदी ठेवणारी मुले मात्र वर्षभर इथेच आहेत.

आणि माझ्या गोपालक बंधुभगिनींना, जे हे पत्र वाचतील त्यांना, संशोधन येईपर्यंत एवढे सांगतो. नवीन गाय आणलीत तर दोन-तीन आठवडे इतर गुरांपासून वेगळी बांधा आणि रोज तिचा ताप बघा. तिच्या अंगावरचे गोचीड पहिल्याच दिवशी काढा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा. औषध फवारताना भिंती आणि जमीन विसरू नका, आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर ते जाड करू नका. जनावर तापले तर इंजेक्शनच्या आधी रक्ताची काच मागा. एकाची सुई दुसऱ्याला वापरू देऊ नका. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते, ते वेळेत बोलवा. तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

महोदय, सिंधुदुर्गात दुधाचा धंदा वाढावा असे सरकार म्हणते, बँका म्हणतात, आम्हीही म्हणतो. घाट उतरून गाय येते, कर्ज येते, रेतनाची कांडी येते. ती गाय कोणत्या तापाने मरते, हे सांगणारे ज्ञानही त्याच वाटेने आले पाहिजे, नाहीतर बाकीचे सगळे आणणे वाया जाते. आपल्याकडे त्यासाठी लागणारे शास्त्रज्ञ आहेत, पद्धत आहे, आणि १०५२ जनावरांचा अनुभव आहे. पुढचे नमुने फोंडाघाटचे असू देत. येत्या भातकापणीनंतर, गुरे मोकळी सुटतात त्या महिन्यात कामाला सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
फोंडाघाट येथील एक गोपालक व विज्ञानशिक्षक
(ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग)